हाताचं मीठ

“मीठ हाताने घालायचं, जिभेने नाही. माणसं उपाशी थांबलेली असताना पळी आपल्या तोंडाला लावायची नाही. आधी चाखलं की अन्न उष्टं झालं. हाताला विचार, हात सांगेल.”

सासूला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण चुलाणावर पातेलं चढलं आणि मिठाचा डबा उघडला की हे बोलणं काकूच्या कानाशी यायचं. नवी नवरी म्हणून आली तेव्हा सासूने तिची मूठ आपल्या मुठीत धरून पातेल्यावर नेली होती, बोटं सैल कर म्हणाली होती, आणि फटींतून जेवढं पडलं तेवढ्यावर मनगट दाबून थांबवलं होतं. जीभ फसवते, दुखण्यात फसवते, भुकेत तर हमखास फसवते. हात फसवत नाही, असं सासूचं म्हणणं. काकूने ते व्रतासारखं पाळलं. शिजत्या पातेल्यातलं बोटभरही तिने जन्मात कधी तोंडाला लावलं नव्हतं.

आता ती वीटभट्टीवर स्वयंपाकीण होती. चिखल तुडवणारे, विटा थापणारे, भट्टी रचणारे अशा सगळ्यांचं दुपारचं जेवण तिच्या हातचं. सगळे तिला काकू म्हणत, मालकीणबाईसुद्धा. तिचा नवरा याच भट्टीवर जळाई करायचा. भट्टीच्या तोंडाशी उभा राहून आत भुसा आणि लाकूड सारायचा. धूर छातीत साठत गेला आणि एक दिवस त्याला भट्टीपासून घरापर्यंतही चालवेना. तेव्हापासून तो स्वयंपाकघरामागच्या खोलीत खाटेवर असे. खोली काकूच्या कामाबरोबरची होती. काम आहे तोवर खोली, दोन माणसांचं जेवण आणि पिंपातलं पाणी. काम गेलं की खाट उचलायची, आणि ती कुठे न्यायची हे काकूला ठाऊक नव्हतं.

त्या साली पाऊस नुसता तोंड दाखवून गेला. थंडी सुरू झाली आणि काकू तापाने पडली. ताप उतरला, अंगात उभं राहण्यापुरतं बळ आलं, म्हणून तिने चूल पेटवली. फोडणीत लसूण टाकला. लसूण तांबूस झाला, मग काळा झाला, तरी तिच्या नाकाला काही कळलं नाही. तिने एक पाकळी तोंडात घातली. ओला पुठ्ठा चघळावा तसं झालं. मीठ चिमटीने जिभेवर ठेवलं, ते नुसतं खरखरलं आणि विरघळून गेलं.

तिने कुणाला सांगितलं नाही. सांगून काय होणार? जिभेविना स्वयंपाकीण म्हणजे डोळ्यांविना शिंपी. शिवाय मुकादमाची मेहुणी या कामासाठी टपून बसली होती, हे भट्टीवरच्या कोंबड्यांनाही माहीत होतं. आणि तसं अडलंही नाही. हात होता ना. विहीर तीच, पातेलं तेच, मूठ तीच. माणसं पूर्वीसारखीच बोटं चाटून उठत होती. काकू मनातल्या मनात सासूच्या पाया पडायची.

मग विहीर आटली.

विटांना पाणी लागतं आणि माणसांनाही. मालकाने टँकर लावला. टँकरवाला जिथे मिळेल तिथून भरून आणायचा. आज गोडं, उद्या मचूळ, परवा इतकं खारं की अंघोळ केल्यावर अंगावर पांढरी रेघ उठावी. पिंपात पडलं की सगळं पाणी सारखंच दिसायचं. काकूची मूठ मात्र विहिरीच्या पाण्याची होती.

पहिल्या दिवशी रांगेतला एक जण म्हणाला, “काकू, आज समुद्र आणलात की काय पातेल्यात?” सगळे हसले, काकूही हसली. दुसऱ्या दिवशी तिने हात आखडला, तर टँकर गोड्या पाण्याचा निघाला. “आज मिठाचाही दुष्काळ,” दुसरा म्हणाला. या वेळी हसू कमी होतं. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, दाणा टणक राहतो, एवढी खूण तिच्यापाशी होती. पण टणक म्हणजे किती खारं, मुठीतलं किती सोडायचं आणि किती राखायचं, हे दाणा सांगत नव्हता. ती पिंपात साबणाचा तुकडा बुडवून फेस बघायची, पातेल्याच्या कडेला वाळलेल्या थेंबाची पांढरी कड बघायची, आणि शेवटी देवाचं नाव घेऊन अंदाजाने मूठ सोडायची. अंदाज कधी लागायचा, बहुतेकदा चुकायचा.

एके दुपारी मुकादमाने पहिला घास घेतला आणि ताटली खाली ठेवली. मग उठला, ताटली घेऊन चिखलाच्या खड्ड्यापर्यंत गेला आणि सगळ्यांदेखत डाळ चिखलात ओतली.

“विटांना तरी चव येऊ दे,” तो म्हणाला.

पुरुष हसले. जे डाळ पाण्याने पातळ करून गिळत होते, तेही हसले. काकू हातात ओगराळं धरून उभी होती. ओगराळ्यातून थेंब थेंब गळून तिच्या पायावर पडत होतं, गरम होतं, तरी तिने पाय हलवला नाही. परत येताना मुकादम तिच्याजवळ थांबला आणि आवाज खाली आणून म्हणाला की वय झालं असेल तर तसं सांगा, यात लाजण्यासारखं काही नाही, घरातलीच एक बाई बसून आहे.

पुरुषांची जेवणं झाली की बायका जेवायच्या. बायका अशा तिघीच. बाकीच्या आपापल्या झोपडीवर जात. एक काकू. दुसरी लोहारीण, फाटकाशी तिच्या नवऱ्याची भट्टी होती, तो साचे आणि फावडी दुरुस्त करायचा आणि ती भाता ओढायची. भात्यामुळे तिचे दंड पुरुषासारखे आणि आवाज त्याहून मोठा. तिसरी आंबटी. ती कच्च्या विटा उन्हात पालटायची, चिखल तुडवायची. तिचा नवरा तिथेच विटा थापायचा. ओच्याला कायम चिंचेचं बोटूक बांधलेलं असायचं, चिखल तुडवता तुडवता ती ते चोखायची, म्हणून आंबटी. खरं नाव तिच्या नवऱ्यालाही आठवून सांगावं लागलं असतं.

पत्र्याच्या सावलीत तिघी पाय पसरून बसत आणि खाण्याच्या गप्पा करत. ताटात तर रोजचंच, डाळ आणि भात. पण तोंडाने त्या काय काय शिजवायच्या. रोज एकीने विषय काढायचा, बाकीच्यांनी पुरवायचा. कुणी वांगं निखाऱ्यावर भाजायची, कुणी कोवळे वाटाणे नुसत्या तुपात परतायची, आणि वांगं जास्त भाजलं म्हणून खरंखुरं भांडणही व्हायचं. त्या दिवशी, काकूच्या मनातून डाळीची गोष्ट जावी म्हणून असेल, लोहारणीने विषय काढला की जे माहेरी आवडायचं आणि सासरी कधीच शिजलं नाही, ते सांगायचं.

तिची स्वतःची आवड सगळ्यांना पाठ होती. भाताच्या बुडाची करपलेली खरवड. पण लोहार ती ताटात येऊ देत नसे. “म्हणतो, दिवसभर कोळसाच बघतो, ताटात तरी नको,” लोहारीण म्हणाली आणि काकूच्या पातेल्याचं बूड उलथन्याने खरवडू लागली.

आंबटीने सांगितलं ते लांबलं. तिची आई पातळ डाळ करायची, इतकी पातळ की ताट तिरकं धरून प्यावी लागे, आणि तिच्यात चिंच पिळायची. हात आखडता घेऊन नाही, मूठभर. वरून लसूण चुरचुरीत. पहिल्या घोटाला कानामागे कळ यायची, डोळे मिटायचे, आणि दुसरा घोट घेतल्याशिवाय उघडायचेच नाहीत. सासरी आली तर सासूला पित्त; आंबट म्हटलं की ती छातीवर हात ठेवायची. सासू गेली तर नवऱ्याचे दात आंबायला लागले. मग मुलं झाली, ती बापाच्या वळणावर गेली. एका माणसासाठी दुसरं पातेलं कोण चढवणार?

“मला काय आवडतं, असं विचारून आजवर कुणी चूल पेटवली नाही,” ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही, आज ऊन फार आहे म्हणावं तसं.

काकूला विचारलं तर ती म्हणाली, मला बाई सगळंच आवडतं. लोहारणीने तिला सोडलं नाही. सगळं आवडतं म्हणजे काहीच आवडत नाही, नवऱ्याच्या बाबतीत चालेल, जेवणाच्या बाबतीत चालायचं नाही, म्हणाली.

तेव्हा आंबटीने ओचा सोडला आणि दोघींना चिंचेचा एकेक तुकडा दिला. चिंच हिरवी होती, गर धरायच्या आधीची. लोहारणीने दाताखाली धरली मात्र, तिचा चेहरा सुकलेल्या लिंबासारखा आक्रसला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिने आंबटीच्या पाठीत असा धपका घातला की भात्याचा दंड कळावा. काकू उद्याचा लसूण सोलत होती. तिने तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला, गिळला.

“छान पिकलीय,” ती म्हणाली.

लोहारीण खो खो हसली. काकूने काय सोंग वठवलं, म्हणाली. आंबटीही हसत होती. मग तिने काकूच्या हाताकडे पाहिलं. हात लसूण सोलत होता, थांबला नव्हता, आणि चेहऱ्यावर सोंग नव्हतं. आंबटीचं हसू तिथेच राहिलं.

दिवस कलल्यावर ती पिंपाशी आली. काकू पातेली घासत होती. आंबटी खाली बसली, तिने राखेत हात घातला आणि एक पातेलं ओढून घासायला लागली.

“काकू, तुझी जीभ गेलीय ना?”

काकू घासत राहिली.

“कधीपासून?”

“तापापासून,” काकू म्हणाली. एवढं बोलली आणि तिचे खांदे हलायला लागले. आवाज बाहेर येऊ नये म्हणून ती पातेल्यावर राख जोरजोरात फिरवत होती. मागच्या खोलीत नवरा जागा होता.

आंबटीने तिला रडून घेऊ दिलं. मग म्हणाली, “मी चाखते. रोज.”

काकूने मान हलवली. शिजत्यातलं चाखायचं नाही, सासूचं वचन आहे. आंबटीने त्यावरही विचार करून ठेवला होता. पळीला तोंड लावायचं नाही, पातेल्यात बोट घालायचं नाही. ती हात धुऊन येईल, काकूने वरून तिच्या तळहातावर थेंब सोडायचा. तळहातावरचं तळहातावर राहील, पातेल्यातलं पातेल्यात. सासूबाई वरून बघत असतील तर त्यांनाही एवढं चालेल.

“आणि कुणाला कळलं तर?”

“ही गोष्ट माझ्या पोटात. माझ्या पोटात जागा खूप आहे, रिकामंच असतं.”

काकू हसली, नाक पुसलं. द्यायला तिच्याजवळ काही नव्हतं. ती म्हणाली, “पाणी एकदा ठिकाणावर येऊ दे. मग एक दिवस मी चूल पेटवीन ती फक्त तुझ्यासाठी. पातळ डाळ, मूठभर चिंच.”

“शब्द?”

“शब्द.”

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. जेवणाची घंटा व्हायच्या आधी आंबटी घागर घेऊन पिंपावर यायची. पिंप स्वयंपाकघराच्या मागच्या अर्ध्या भिंतीला लागून होतं. ती हात धुवायची, भिंतीवरून तळहात पुढे करायची, काकू थेंब सोडायची. चिखलाने तिचे तळवे भेगाळले होते. पिवळी डाळ भेगांतून पसरायची. ती चाटायची आणि बोटं वर करून खूण करायची. एक बोट म्हणजे आणखी अर्धी मूठ. सगळा पंजा म्हणजे पाणी ओत. अंगठा मिटला की उतरव.

जेवण सुधारलं. रांगेत पुन्हा कुणी काही बोलेना, आणि न बोलणं हीच तिथली शाबासकी. मुकादमाने एकदा दुसऱ्यांदा डाळ मागितली आणि मागताना दुसरीकडे बघितलं.

काकूला त्यात एक वेगळंच सुख मिळू लागलं. आंबटी तिला चव सांगायची. आजची कशी आहे, असं काकूने भिंतीपलीकडून हळूच विचारायचं. आजची लोहारणीसारखी आहे, आधी तडकते आणि मग बरी वाटते. आजची मुकादमाच्या गोड बोलण्यासारखी, मागून कडू. आजची नुकत्या झोपलेल्या लेकरासारखी. हिला हात लावू नकोस, आहे तशी उतरव. काकू ते ऐकून पातेल्यात बघायची आणि तिला खरोखरच काहीतरी लागल्यासारखं व्हायचं, जिभेला नाही, पण कुठेतरी.

टँकरही पुढे रोज येईना. चिखल कमी, विटा कमी, म्हणून मालकाने शिधा कमी केला. ओगराळं लहान आलं. माणसं ताटलीचा तळ बोटाने पुसून उठू लागली, आणि उठल्यावरही पातेल्याकडे बघत राहू लागली. पोट भरलेलं असतं तेव्हा माणूस शेजाऱ्याच्या ताटात बघत नाही. आता सगळे बघत होते.

त्या दिवशी घंटा थोडी आधी झाली. रांग लागली तेव्हा आंबटी भिंतीशी होती, तळहात तोंडाला, डोळे चव घेताना मिटतात तसे मिटलेले. रांगेतल्या सगळ्यांत पुढे मुकादम होता.

त्याने तिच्या मनगटाला धरून तिला भिंतीच्या पुढच्या बाजूला आणलं. तिच्या हनुवटीवर डाळीचा पिवळा डाग होता. तो म्हणाला की म्हणून ओगराळं लहान पडतंय, म्हणून माणसं अर्धपोटी उठतात. रांगेत गडबड झाली. कुणीतरी म्हणालं की ही रोज असते पिंपावर. दुसऱ्याने म्हटलं, मीपण पाहिलंय. आंबटीचा नवरा रांगेत मधोमध होता. तो ताटलीकडे बघत होता, जसं काही तीत कुणाचा चेहरा होता. मालकीणबाई बाहेर आल्या. त्या कधी आवाज चढवत नसत. त्यांनी एवढंच विचारलं की उपाशी माणसांच्या आधी पातेल्यातलं खाल्लंस का.

आंबटीने काकूकडे पाहिलं. फार वेळ नाही.

काकूच्या घशाशी शब्द आला होता. तो अगदी दातांच्या आत होता. तेवढ्यात मागच्या खोलीत नवऱ्याला खोकल्याची उबळ आली, लांब, संपता संपेना अशी. आणि खोकला संपला तेव्हा शब्द परत खाली गेला होता.

“भूक लागली होती,” आंबटी म्हणाली.

“सगळ्यांनाच लागते,” मालकीणबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

तिच्या नवऱ्याने ताटली जमिनीवर पालथी घातली आणि तो रांगेतून बाहेर पडला. बाकीचे जेवले. ते अन्न उष्टं आहे, असं कुणी म्हणालं नाही. काकू वाढत राहिली. ऊन उतरायच्या आत आंबटीचं बिऱ्हाड गाडीवर चढलं. दोन पातेली, गोधड्या, सुतळीने बांधलेली ट्रंक, वर लेकरं. फाटकातून जाताना तिने मागे वळून पाहिलं नाही. कोरड्या नदीपलीकडे खडी फोडण्याचं काम चालू होतं, तिकडे गेली म्हणाले.

आणि मग, देवाची करणी म्हणा, आठवडा झाला नाही तोच भट्टीवर नव्या बोअरला पाणी लागलं. गोडं, थंड, जुन्या विहिरीसारखंच. काकूची मूठ पुन्हा जागेवर आली. हाताने घातलेलं मीठ बरोबर बसू लागलं, जिभेची गरज उरली नाही, जिभेबद्दल विचारायलाही कुणी येणार नव्हतं. ओगराळं पूर्वीचं आलं.

“बघा, हात मारणारी गेली आणि बरकत आली,” मुकादम रांगेत म्हणाला, आणि माणसांनी माना डोलावल्या.

काकू ते रोज ऐकायची. जेवायला बसली की तिला घास फिरवता यायचा नाही. चव नव्हतीच, आता भूकही जायला लागली. पत्र्याच्या सावलीत दोघीच उरल्या होत्या. खाण्याच्या गप्पा निघत नव्हत्या. लोहारीण खरवड खरवडायची आणि न खाताच बाजूला ठेवायची.

एक दिवस ती खडीवर फावडी पोचवायला जाऊन आली. आल्यावर बराच वेळ पाणी पीत राहिली, आणि मग सांगितलं. आंबटी दिसली. नखशिखांत पांढरी, खडीच्या धुळीने. चोरटी हे नाव तिच्या आधीच तिथे पोचलंय. जेवणाच्या वेळी बायका गोल करून बसतात, ही एका बाजूला, दगडाकडे तोंड करून. ती जवळून गेली की बायका आपापल्या भाकरतुकड्यावर फडकं ओढतात.

“मी तिला म्हटलं, का गं खाल्लंस? मागितलं असतंस तर माझ्यातलं दिलं असतं. तर हसली नुसती.” लोहारणीने नाक शिंकरलं. “मला काही खरं वाटत नाही, काकू. ती चिंच वाटून खाणारी.”

काकू उठली, पातेली घासायला बसली.

संध्याकाळी नवऱ्याला भरवताना तिचा हात थांबला. त्याने घास गिळला आणि विचारलं, “ती काय खात होती?”

“कोण?”

“तुला माहीत आहे कोण.”

काकूने ताटली मांडीवर ठेवली. तिने सांगितलं, ताप, लसूण, चिंच, भिंत, तळहात. सांगताना ती भिंतीकडे बघत होती. तो मधे खोकला, पण थांब म्हणाला नाही.

“खारट मला पहिल्या दिवसापासून लागत होतं,” तो शेवटी म्हणाला.

“मग बोलला का नाहीत?”

“तू सांगशील म्हणून वाट बघितली.” त्याने श्वास गोळा केला. “माझ्यासाठी गप्प बसलीस, होय ना? माझा खोकला आडवा आला.”

तिने त्याच्या हनुवटीवरचं शीत पुसलं.

“माझ्या खोकल्यापायी कुणाचं नाव नको घालवूस,” तो म्हणाला आणि भिंतीकडे वळला. अन्न अर्धं राहिलं होतं. तिने ते झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तिने रोजच्यासारखी हात जोडून चूल पेटवली, डाळ शिजवली, हाताने मीठ घातलं. माणसांना जेवू दिलं. भुकेल्या माणसापुढे आपलं गाऱ्हाणं मांडू नये, हेही सासूचंच. मुकादमाची ताटली रिकामी झाली, मालकीणबाई हिशेबाला म्हणून बाहेर आल्या, तेव्हा तिने ओगराळं पातेल्यात आडवं ठेवलं आणि ती पुढे आली.

“माझ्या जिभेला चव नाही,” ती म्हणाली. “ताप आला तेव्हापासूनच. पाणी खारं झालं तेव्हा मला मीठ कळेना. ती माझ्यासाठी थेंब चाखत होती, मी तिच्या हातावर सोडायचे तो. तिने काही चोरलं नाही. मी इथे उभी होते आणि गप्प बसले.”

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने विचारलं, “मग आता कसं बरोबर लागतंय?”

“पाणी गोड आहे म्हणून.”

कुणीतरी खाली मान घालून ताटली पुसत राहिलं. कुणीतरी उठून हात धुवायला गेलं. शेवटी जेवायला बसलेल्या एकाने विचारलं की भात उरलाय का. मुकादम मनात मेहुणीला निरोप धाडत असावा. मालकीणबाई म्हणाल्या की खरं बोललात ते चांगलं केलंत, पण जीभ नसलेल्या बाईच्या हाती एवढी माणसं कशी सोपवायची. दुसरी बाई येईल तिला खोली लागेल. आंबटीला परत बोलवा, असं कुणाच्याच तोंडून आलं नाही.

लोहारीण पत्र्याखाली उभी होती, हातात उलथनं तसंच. ती आली आणि तिने काकूचा दंड धरला, दुखेल इतका.

“खाट माझ्या पडवीत टाकू,” ती म्हणाली. “भात्यापासून लांब. धूर तिकडे कमी येतो.” मग रागाने म्हणाली, “मला का नाही सांगितलंस? माझ्या जिभेला काय गंज चढला होता?”

दोघींनी खाट उचलली. नवरा खाटेवरच होता, कडा धरून. त्याने डोळे मिटून घेतले होते, पण चेहरा शांत होता. पडवीत वारा यायचा. लोहाराने भाता बंद केला आणि कुणी न सांगता त्या बाजूला गोणपाट टांगलं.

सकाळी काकूने आपला डबा झाडून मूठभर डाळ काढली. भट्टीच्या शिध्यातली नव्हे, घरची. लहान पातेलं घेतलं, पळी घेतली. फाटकाशी चिंचेचं झाड होतं, तिथून पिकलेली बोटकं वेचली आणि पिकलेली आहेत ना, हे लोहारणीकडून चावून घेतलं. लसूण पदराला बांधला. मीठ निराळ्या फडक्यात घेऊन गाठ मारली. ते ती घालणार नव्हती. खडीवरच्या बायका गोल करून बसतील तेव्हा त्यांच्या समोर, मधोमध तीन दगड मांडायचे, आणि शिजत्या पातेल्यातली पहिली पळी, सगळ्यांच्या आधी, आंबटीच्या तोंडाला लावायची. हातावर नव्हे. मीठ किती ते तिने सांगायचं. आंबटी पळी तोंडाला लावेल की हाताने दूर करेल, हे काकूला माहीत नव्हतं.

सासूबाई, आज एवढं एक माफ करा, ती मनात म्हणाली.

नवऱ्याला पाणी पाजून ती निघाली. पलीकडच्या काठावर खडीची पांढरी धूळ उठलेली दिसत होती. पातेलं कमरेवर घेऊन ती पात्रात उतरली. नदीला पाणी नव्हतं, त्यामुळे वळसा घालायची गरज पडली नाही.